मूठभर भुसा

भुसा पुढे निघून गेला आणि जेलीफिश मागे राहिल्या. झालं ते एवढंच. पण मी कठड्याचा गज दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिलो, आणि खालच्या शिडीवरून पाणबुड्या ओरडला, "अहो बरंयशेठ, उतरू का घरी जाऊ?" तरी मी पाण्याकडेच बघत होतो. आमचं वीजकेंद्र समुद्राचं पाणी पिऊन थंड राहतं. कालव्यातून पाणी येतं, जाळ्यांतून गाळलं जातं, पंपांकडे जातं आणि आतल्या यंत्रांची तलखी घेऊन कोमट होऊन पुन्हा समुद्राला मिळतं. त्या पाण्याबरोबर जे जे म्हणून येतं, शेवाळ, पिशव्या, एकेका पायाचे बूट, एकदा तर अख्खी खुर्ची, ते जाळ्यांवरून काढणं हे माझं खातं. सगळ्यांत वाईट जेलीफिश. येतात त्या थव्यानेच येतात, जाळीला चिकटतात, जाळी बुजली की पंप धापा टाकायला लागतो, आणि मग वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे फोन मला. अशा वेळी एक पंप बंद करायचा आणि पाणबुड्याला जाळी साफ करायला खाली सोडायचं. शेजारचा पंप चालूच असतो, त्यामुळे पाण्याला ओढ किती आहे ते आधी बघावं लागतं. त्यासाठी भिंतीवर मीटर आहे, चांगला काचेचा. पण पाणबुड्याचा मीटरवर काडीचा विश्वास नाही. सुतारखान्यातून आणलेलं भुशाचं पोतं कोपऱ्यात असतं, त्यातला मूठभर भुसा पाण्यात टाकायचा आणि तो कसा जातो ते बघायचं. आधी भुसा, मग माणूस. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी कधी पाहिलेला नाही.

त्या सकाळीही मी मूठ उघडली. ओढ मंद होती. भुसा पसरला आणि पिवळट डाग होऊन सावकाश जाळीकडे सरकायला लागला. त्याच्या खाली जेलीफिश होत्या, बशीएवढ्या, पांढुरक्या, त्याही जाळीकडेच सरकत होत्या. यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण बघता बघता भुसा त्यांच्या डोक्यावरून पुढे गेला. एकाच पाण्यात, एकाच ओढीत, वाळका भुसा पुढे आणि त्या मागे, हे कसं? मी वाकलो. मग दिसलं की त्या जाळीकडे तोंड करून निघालेल्या नाहीतच. छत्रीचा फुगीर माथा उलट बाजूला, समुद्राकडे. एकीचा नाही, सगळ्यांचा. छत्री मिटायची, पाणी मागे ढकलायची, सैल पडून उघडायची, पुन्हा मिटायची. त्या पोहत होत्या. आल्या तिकडे परत जायला निघाल्या होत्या, आणि ओढ त्यांच्या जोरापेक्षा थोडीशीच जास्त होती, म्हणून तोंड समुद्राकडे ठेवून पाठीमागे पाठीमागे जाळीवर येत होत्या. भुसा नसता तर मला जन्मात कळलं नसतं. केंद्र बघायला येणाऱ्या लोकांना मी वर्षानुवर्षं सांगत आलोय, जेलीफिशचं काय हो, ना डोकं ना हाड, पाणी नेईल तिकडे जाते. लोक हसतात. आमच्या खात्यातली माणसं जरा जास्तच हसतात आणि माझ्याकडे बघतात. "उतर," मी शेवटी पाणबुड्याला म्हणालो, "ओढ बरीय." "तुमच्या तोंडी दुसरा शब्द येईल तर शपथ," असं म्हणून तो पाण्यात गेला.

बरंय हे माझं टोपणनाव. चहा गार आहे, बरंय. बढती पुढच्या वर्षी, बरंय. बायको चारचौघांत एक गोष्ट रंगवून सांगते, की लग्नाचं तिनेच विचारलं आणि मी काय म्हणालो असेन ओळखा. सगळे एका सुरात ओळखतात. मीही हसतो, कारण गोष्ट खोटी नाही. वडील म्हणाले यंत्रांचं शीक, शिकलो. दादा म्हणाला या नोकरीला अर्ज कर, केला. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण त्या दिवशी सकाळी घरातून निघताना दादाचा फोन आला होता. दादा फोनवर प्रस्तावना करत नाही. "शनिवारी आईला तिकडे नेऊन ठेवू," तो म्हणाला. तिकडे म्हणजे वृद्धाश्रमात. "खोली बघून ठेवलीय, खिडकीची आहे. संध्याकाळी येतो, नक्की करून टाकू. तुझं काही नाही ना?" मी जिन्यात उभा होतो, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. मी म्हणालो, "बरंय." फोन बंद झाला. मला अजिबात बरं नव्हतं. आई माझ्याकडे राहते, दादाकडे नाही. वडील गेल्यापासून माझ्याकडेच आहे. सकाळी मी बूट घालताना ती मागे उभी राहून काहीतरी बोलत असते, बहुतेक बिनकामाचं, आणि ते ऐकल्याशिवाय माझी नाडी बांधली जात नाही. ती खोली रिकामी, तो पलंग रिकामा, हे मी जिन्यात उभ्या उभ्या डोळ्यांसमोर आणलं. संध्याकाळपर्यंत मला दादाला नाही म्हणायला हवं होतं. आणि दादाला नाही म्हटल्याचं मला एकही उदाहरण आठवेना.

दुपारी बाई कठड्यावर आल्या. बाई म्हणजे आमच्या मुख्य अभियंता. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण वाचन दांडगं, आणि आपल्याला माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगणाऱ्या. मी त्यांना भुशाचं दाखवलं. दुसरी मूठ टाकली. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. "म्हणजे हे असं डोळ्यांनी दिसतं," त्या म्हणाल्या. "मी वाचलं होतं. काही जातींच्या अंगाला छोटी यंत्रं बांधून लोकांनी बघितलंय. प्रवाह लागला की वळतात, उलट पोहतात. सगळ्या जाती करतात की नाही, देव जाणे." मी विचारलं, पाणी वाहतंय हे त्यांना कळतं कसं? आपण पाण्यातच असलो, सगळीकडे पाणीच असलं, तर ते हलतंय हे कळणार कशावरून? किनारा दिसत नाही, तळ दिसत नाही. बाई म्हणाल्या, "तेच तर नक्की कुणाला ठाऊक नाही. वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगवेगळ्या वेगाने सरकतं, तो फरक कातडीला जाणवत असेल, असा एक अंदाज आहे." मग त्यांनी हाताचा पंजा मिटून उघडून दाखवला. "आणि गंमत अशी, मिटताना पुढे जातात ते समजतं. पण काही काही तर सैल पडून उघडतानाही थोड्या पुढे सरकतात. मागे पाण्याचा भोवरा उरतो, तो ढकलतो. म्हणजे दम घेतानाही काम चालूच." मी म्हणालो, "इतकं करून शेवटी जाळीवरच." त्यांनी पुन्हा एकदा जाळीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आपल्या पंपाला कोण पुरं पडणार हो?" आणि त्या वळून आपल्या कामाला गेल्या. मी दाताळं घेऊन जाळीवरच्या जेलीफिश टोपलीत ओढायला लागलो. रोजचंच काम, पण त्या दिवशी माझा हात जड झाला होता. टोपलीत पडल्यावर त्या नुसता चिकट गोळा होतात, माथा कुठला आणि तोंड कुठलं काही कळत नाही.

मला समुद्र आठवला, म्हणजे हा कालव्यात कोंडलेला नाही, उघडा. मी शाळेत होतो, सुटीत आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो होतो. दादा लाटांवर उड्या मारत होता, वडील वर्तमानपत्राखाली झोपले होते. मी कमरेइतक्या पाण्यात होतो, मग छातीइतक्या, मग पायाखाली वाळू नव्हती. किनाऱ्याला समांतर एक ओढ असते, ती मला धरून निघाली. वेग फार नव्हता. आमची छत्री, आमच्या चपला, वडिलांचं वर्तमानपत्र, सगळं एका बाजूला सावकाश सरकायला लागलं, जणू तेच कुठेतरी निघालेत. मी पाय मारत होतो. जीव खाऊन मारत होतो, पोटऱ्यांत गोळे येईपर्यंत. पण पाण्याखालचे पाय कुणाला दिसतात? वरून दिसणार ते एक डोकं, शांतपणे बाजूला जाणारं. दादाने तर हात हलवला आणि मीही हलवला. ओरडावं हे मला सुचलंच नाही, किंवा सुचलं आणि लाज वाटली, आज सांगता येणार नाही. आई तेवढी उठली. किनाऱ्या-किनाऱ्याने ती माझ्याबरोबर पळत राहिली, एका हातात चप्पल, आणि पुढे कुठेतरी खडकांपाशी पायाला वाळू लागली तेव्हा तिने मला दंडाला धरून ओढून काढलं आणि पहिली एक सणसणीत ठेवून दिली. "आवाज नाही का तुला?" ती ओरडली. "हाक मारता येत नाही?" मग मला पोटाशी धरून रडली. परतताना मी तिला सांगत होतो की मी पोहत होतो, मी परत यायलाच बघत होतो. ती म्हणाली, "ते तुला ठाऊक. बाहेरून काय कळतंय?" घरी आल्यावर तिने माझ्या अंगावर तिचं विणलेलं पांघरूण घातलं, तपकिरी, त्यात मध्येच एक हिरवा पट्टा. तपकिरी लोकर संपली होती म्हणून हिरवा. त्या पट्ट्यावर बोट फिरवत मी झोपलो. ते पांघरूण अजून आहे, आईच्या पलंगावर पायथ्याशी असतं.

संध्याकाळी मी एक थांबा आधीच उतरलो आणि चालत निघालो. बेकरीच्या दारात लोक रांगेत होते, एक बाई कुत्र्याला समजावत होती, सायकलवाला घंटी वाजवत फुटपाथवरून जात होता. मी तोंडात शब्द घोळवत होतो. नाही. नाही दादा. दादा, हे होणार नाही. प्रत्येक वेळी शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथे आल्यावर त्याचं बरंय व्हायचं. मग आईचे गेल्या काही महिन्यांतले दिवस डोळ्यांपुढे यायला लागले, आणि ते आठवून मला दादाचा आणखी राग आला. खिडकीतल्या कुंड्या तिने शेजारणीला देऊन टाकल्या होत्या. भिंतीवरचा वडिलांचा फोटो उतरवून कागदात गुंडाळला होता, काच सैल झालीय म्हणाली. दवाखान्यातून येताना हट्टाने लांबच्या रस्त्याची बस धरायला लावली आणि एका जुन्या पिवळ्या इमारतीपाशी खिडकीबाहेर मान वळवून बघत राहिली. ती इमारत म्हणजे तेच तिकडे, हे मला आज कळत होतं. म्हणजे दादाने तेव्हापासूनच तिच्या कानाशी लावलं असणार. आणि ती बिचारी मुकाट्याने आवराआवर करत होती, एकेक वस्तू सोडत होती, आणि मी रोज तिच्यासमोर बसून चहा पीत होतो. तिला आम्ही किती जपतो! तिने भांडं उचललं की बायको हातातून घेते. जिन्यात मी दंड धरतो. डॉक्टर म्हणाले नजरेला ताण नको, तर विणायच्या सुया मीच उचलून वरच्या फळीवर ठेवल्या. दादाने काय केलं? उंटावरून शेळ्या हाकल्या. चालता चालता मी इतका तापलो की किल्ली कुलपात नीट जाईना.

दादा माझ्याच खुर्चीत बसला होता, तो आला की बसतोच. बायको चहाचे कप ठेवत होती. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि पलंगावर आईची बॅग दिसत होती, तोंड वासलेली, अर्धी भरलेली. आई पलंगाच्या कडेवर बसून आमच्याकडे बघत होती. "ये, बस," माझ्याच घरात दादा मला म्हणाला. "मग शनिवारचं नक्की. गाडी मी आणतो."

"नाही," मी म्हणालो.

बायकोच्या हातातला कप बशीवर खणकन वाजला. दादाने मान तिरकी केली. "काय नाही?"

"आई कुठे जाणार नाही. तू ठरवणार आणि आम्ही माना डोलवणार, हे आजपर्यंत झालं तेवढं पुरे. फोनवरून माणसं हलवतोस तू दादा, सामान हलवल्यासारखी. तिला विचारलंस? ती एक शब्द बोलत नाही म्हणजे तिचं काही नाही असं नसतं. मी नाही पाठवणार तिला. मला ती इथे हवीय." माझा आवाज कुठल्या कुठे चढला होता, शेजारच्यांनी रेडिओ बारीक केल्याचं ऐकू आलं. आणि खरं सांगतो, त्या ओरडण्यात एक सुखही होतं. पायाला वाळू लागल्यासारखं.

दादा चिडला नाही. तो चिडणार, उठणार, म्हणून मी वाट बघत होतो. त्याने आईकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "घे," तो तिला म्हणाला, "जिंकलीस." मग माझ्याकडे वळला. "अरे बाबा, जन्मात एकदा नाही म्हणालास आणि तेही चुकीच्या माणसाला. मी कुठे नेतोय तिला? तीच निघालीय. मी नको नको म्हणतोय दोन महिने."

काही वेळ मला त्याचे शब्द नुसते ऐकू आले, अर्थ मागाहून आला. आई उठून बाहेरच्या खोलीत आली. भिंतीला हात लावत, सावकाश. मी सवयीने पुढे झालो आणि तिने सवयीने नाही, मुद्दाम, माझा हात बाजूला केला. ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. "मीच त्याला म्हटलं, तुझं म्हणून सांग," ती म्हणाली. "तिथे माझी शेजारची आहे रे. टेलिफोनवाली." आई तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, तिच्या शेजारच्या खुर्चीवरची ती मैत्रीण, आयुष्यभर आईच्या बोलण्यात असलेली. "आम्ही दोघी बोलतो फोनवर, दार लावून. ती म्हणते ये, इथे स्वयंपाकघरात लुडबुड करू देतात, बाग आहे, खरकटं आपलं आपण विसळायचं. मला विसळायचंय. तुम्ही दोघं वाईट नाही. फार चांगले आहात, तेच झालंय. सकाळी उठले की अंथरुणाची घडी कुणीतरी घालून टाकलेली. भांडं उचललं, गेलं हातातून. मी नुसती बसते आणि घर माझ्या बाजूने वाहतं." बायको खाली बघत होती, तिचे कान लाल झाले होते. मला मात्र कुंड्या दिसत होत्या, फोटो दिसत होता, बसच्या खिडकीतली ती वळलेली मान दिसत होती. ती मान मी मागून बघितली होती. तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघितलंच नव्हतं. दिवसभरात कठड्यावर वाकून दोनदा भुसा टाकला, आणि संध्याकाळी रस्ताभर तिच्या वतीने रागावत आलो.

"मला का नाही विचारलंस?" मी म्हणालो. आवाज लहान मुलासारखा निघाला, इलाज नव्हता.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

बायकोनेच, मान वर न करता, हळूच सांगितलं, "बरंय." आधी दादा फिसकन हसला, मग आई, मग मी पण हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले ते थांबेनात. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तेच," ती म्हणाली. "तू बरंय म्हणाला असतास आणि मी गेले असते. आणि तिकडे बसून रोज म्हटलं असतं, ह्याला सुटल्यासारखं झालं असेल का वाईट वाटलं असेल? लहानपणापासून तुझं मला बाहेरून कळत नाही रे. म्हणून म्हटलं, दादाच्या नावाने सांगून बघू. त्याला तरी नाही म्हणतोस का."

"मला बरं वाटत नाहीये, आई."

"माहितीय. आता माहितीय. पण जायचंय मला."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. फार दिवसांनी असा बघितला. तो थकलेला होता, पण उतरलेला नव्हता. ती घाईत होती. कुठेतरी वेळेवर पोचायचं असलेल्या माणसाची असते तशी घाई, आणि आमच्यामुळे तिला थांबावं लागलं होतं. माझी पहिलीवहिली 'नाही' मी खोलीभर फेकली होती, आणि आता तीच तिच्या वाटेत पडली होती. ती परत घ्यायला मला फार जड गेलं. दादासमोर तर फारच. "शनिवारी गाडी नको," मी त्याला म्हणालो. "आम्ही बसने जाऊ. तिला तो रस्ता आवडतो." दादाने खांदे उडवले.

आई पुन्हा आत गेली, भिंतीला हात लावत, मध्ये दाराशी थांबून दम घेत. मी जागचा हललो नाही, फक्त बघत राहिलो. मग तिने हाक मारली म्हणून गेलो. ती बॅगेत कपडे दाबत होती. सगळ्यांत वर पायथ्याचं पांघरूण होतं, तपकिरी, विटून चहाच्या रंगाचं झालेलं, आणि तो हिरवा पट्टा. "हे नेऊ का रे?" तिने विचारलं.

"ने की," दादा बाहेरून म्हणाला, "विचारायचं काय त्यात? थंडी असते तिकडे."

आई त्याच्याकडे बघत नव्हती.

"नको," मी म्हणालो. "ते इथे राहू दे. मला हवंय."

तिने पांघरूण बाहेर काढलं. मोडलेली घडी पुन्हा घातली, हिरवा पट्टा वर येईल अशी, आणि माझ्या हातात दिलं. मग मान वर करून भिंतीवरच्या फळीकडे बघितलं. "मी दुसरं विणीन," ती म्हणाली. "सुया तेवढ्या काढून दे."

मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि सुया काढून तिच्या हातात दिल्या.